मनगटातील अस्थिबंध : हातांवर भार घेण्यापूर्वी हे समजून घ्या

सूर्यनमस्कारात दंडासन किंवा अधोमुख श्वानासन आले की तुमचे मनगट दुखते का? अनेक जण ‘हातात ताकद नाही’ असे म्हणून आणखी चार नमस्कार घालतात. जरा थांबा. आधी मनगटाच्या आत काय आहे ते पाहू या.

मनगट हा एकच सांधा नव्हे. कोपरापासून येणारी दोन हाडे आणि तळव्याची पाच हाडे यांच्यामध्ये आठ छोटी हाडे दोन ओळींत बसलेली असतात. त्यांना एकमेकांशी बांधणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध, ज्यांना बोलताना आपण लिगामेंट म्हणतो. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. हे दोन शब्द वेगळे ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

पहिल्या ओळीतील तीन मुख्य हाडांना एकही कंडरा थेट जोडलेली नसते. त्यांना स्वतःचा असा स्नायूच नाही! शेजारची हाडे सरकली की ती सरकतात आणि मुख्यतः अस्थिबंधांमुळे जागेवर राहतात. त्यांतील एक हाड नावेसारखे, तर शेजारचे चंद्रकोरीसारखे असते. या दोघांमधला अस्थिबंध हाताच्या मागच्या बाजूला सर्वांत मजबूत असतो. तो तुटला तर नाव तळव्याकडे कलते, चंद्रकोर उलट दिशेला, आणि काही वर्षांत सांधा झिजू लागतो.

भाराची वाटणीही समान नसते. साधारण ८० टक्के भार अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर आणि २० टक्के करंगळीच्या बाजूला जातो. (वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मला हाच भाग चटकन लक्षात राहिला.)

बंगळुरूच्या पावसात दुचाकी घसरली की हात आपोआप पुढे टेकतो. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसत नाही, सूज उतरते आणि आठवड्याभरात आपण पुन्हा चटईवर येतो. पण साध्या एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही. मनगटाच्या मागे मधोमध दाबल्यावर दुखत असेल, पकड सैल वाटत असेल, हलवताना ‘कट्ट’ होऊन कळ येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. उशीर करू नका. ताजी इजा जितकी नीट जोडता येते तितकी जुनी जोडता येत नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतो, तुटलेला अस्थिबंध जुळत नाही.

इजा नसेल आणि फक्त ताण येत असेल तर उपाय सोपा आहे. दंडासनात मनगट जवळजवळ काटकोनात मागे वाकते. तळव्याच्या मागच्या कडेखाली घडी केलेली चादर ठेवा, म्हणजे हा कोन कमी होईल. बोटे पसरा आणि तर्जनीच्या मुळाशी जमीन दाबा. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूरला जन्मलेले आणि १९३७ पासून पुण्यात योग शिकवणारे बी. के. एस. अय्यंगार यांनी फळ्या, विटा, पट्टे यांचा आधार घेणे रूढ केले. आधार घेण्यात कमीपणा नाही.

मनगट दुखते आहे तोवर हातांवरची आसने बंद ठेवा. उभ्याने करायची आसने आणि प्राणायाम चालू ठेवता येतील.