आंतरराष्ट्रीयीकरण आणि ज्ञानभाषेचा प्रश्न

'आंतरराष्ट्रीयीकरण' हा शब्द व्यापारउदिमाच्या संदर्भात रूढ आहे आणि तो उच्च शिक्षणाच्या परिभाषेतही आला आहे. शब्दाबरोबर व्यापारक्षेत्रातील गृहीतकेही तेथे आली. उद्योगसंस्थेला जे हितकारक ते विद्यापीठालाही हितकारक, हे त्यांतील प्रमुख गृहीतक होय. प्रस्तुत लेखात हे गृहीतक भाषेच्या कसोटीवर तपासून पाहावयाचे आहे. त्यासाठी जपानमधील एक कंपनी, इटलीतील एक विद्यापीठ आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईतील एक वाद अशी तीन उदाहरणे घेतली आहेत.

१

राकुतेन ही जपानमधील इंटरनेटद्वारे विक्री करणारी मोठी कंपनी. तिचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी २०१० मध्ये कंपनीचा सारा अंतर्गत व्यवहार इंग्रजीतून करण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. सभा, टिपणे, अहवाल इतकेच नव्हे, तर उपाहारगृहातील पदार्थांच्या याद्याही इंग्रजीत आल्या. बढतीसाठी इंग्रजीच्या चाचणीत ठराविक गुण मिळविणे आवश्यक ठरले. या निर्णयावर जपानमध्ये टीका झाली. कर्मचाऱ्यांवर ताण पडला. पुढे कंपनीने इंग्रजीच्या शिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. २०१२ च्या जुलैपासून इंग्रजी ही कंपनीची अधिकृत व्यवहारभाषा झाली.

या निर्णयाविषयी मतभेद संभवतात. परंतु तो कंपनीच्या अधिकारातील होता, हे मान्य करावे लागते. कंपनीला भाषा लागते ती व्यवहार उरकण्यासाठी. तिने भाषा बदलली म्हणून जपानी भाषेची न्यायविषयक, वैद्यकीय किंवा तत्त्वज्ञानात्मक शब्दसंपदा घटत नाही. येथे भाषा साधन आहे आणि साधन बदलण्याचा लाभ-तोटा प्रामुख्याने त्या संस्थेपुरता मर्यादित राहतो.

२

विद्यापीठाने हेच केले तर काय होते, याचे उत्तर मिलान येथील पोलितेक्निको या १८६३ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रविद्यापीठाच्या उदाहरणात मिळते. २०१० च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने इटलीतील विद्यापीठांना परकीय भाषेतून अभ्यासक्रम चालविण्याची मुभा दिली होती. तिचा आधार घेऊन पोलितेक्निकोने २०१२ मध्ये असे ठरविले की, २०१४ पासून पदव्युत्तर आणि संशोधन-पदवीचे सर्व अभ्यासक्रम केवळ इंग्रजीतूनच चालावेत. त्याविरुद्ध सुमारे शंभर अध्यापकांनी न्यायालयात धाव घेतली. २०१३ मध्ये लोंबार्दी प्रांताच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. प्रकरण पुढे घटना-न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये त्याचा निर्णय आला.

हा निर्णय भाषाभ्यासकांनी अवश्य वाचावा असा आहे. इटलीच्या राज्यघटनेत इटालियन ही राष्ट्राची भाषा आहे असे स्पष्टपणे सांगणारे कलम नाही. सहाव्या कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. त्यावरून आणि घटनेच्या एकंदर आशयावरून न्यायालयाने इटालियनचे प्राथम्य सिद्ध केले. हे प्राथम्य म्हणजे गतकाळाच्या अवशेषाचे औपचारिक जतन नव्हे, असेही न्यायालयाने बजावले. आंतरराष्ट्रीयीकरणाचे ध्येय न्यायालयाने नाकारले नाही. काही विषय इंग्रजीतून शिकविण्यास त्याने हरकत घेतली नाही. परंतु संपूर्ण अभ्यासक्रमांतून इटालियनला हद्दपार करणे त्याने तीन कारणांनी अमान्य केले. एक, ज्ञानाची संपूर्ण क्षेत्रेच राष्ट्राच्या भाषेच्या कक्षेबाहेर जातात. दोन, गुणवत्ता असूनही इंग्रजी न येणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षणाचे सर्वोच्च टप्पे दुर्गम होतात. तीन, आपला विषय कसा मांडावा हे ठरविण्याचे अध्यापकाचे स्वातंत्र्य संकोचते. २०१८ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने याच सूत्रानुसार प्रकरणाचा निकाल लावला.

राकुतेन आणि पोलितेक्निको यांतील भेद येथे स्पष्ट होतो. विद्यापीठ भाषेचा केवळ वापर करीत नाही. ते भाषा घडवीत असते. नवी संकल्पना वर्गात समजावून सांगताना, तिला प्रतिशब्द शोधताना, त्या प्रतिशब्दाशी झगडताना भाषेची विचारक्षमता वाढते. ही प्रक्रिया थांबली की भाषा घरात आणि बाजारात नांदते. परंतु तिच्यातून नवे ज्ञान निर्माण होणे थांबते.

३

हा प्रश्न मराठीला नवा नाही. १८२३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणितासारखे विषय मराठी आणि गुजराती भाषांतून शिकविले आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकांची भाषांतरे करविली. पुढे १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळात माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा हेच जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा कौल इंग्रजीला होता. मंडळातील एतद्देशीय सभासदांनी जर्व्हिस यांना साथ दिली. त्यांत जगन्नाथ शंकरशेट हे अग्रणी होते.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. शंकरशेट हे व्यापारी घराण्यातील, आणि आधुनिक मुंबईच्या उभारणीत पुढाकार घेणारे गृहस्थ होते. इंग्रजीचे मोल त्यांना कळत नव्हते असे म्हणण्यास जागा नाही. त्यांचा विरोध इंग्रजीच्या अध्ययनाला नव्हता. ज्ञान बहुसंख्यांपर्यंत पोहोचावयाचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, अशी त्यांची धारणा होती. भाषा हा अभ्यासाचा 'विषय' असणे आणि शिक्षणाचे 'माध्यम' असणे यांतील जो भेद मिलानच्या खटल्यात निर्णायक ठरला, तो मुंबईत १७० वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

मात्र मुंबईत त्या बाजूची सरशी झाली नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते इंग्रजी माध्यमाचे. तेथे उच्च परीक्षांत मराठीला निदान विषय म्हणून स्थान मिळावे यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झटावे लागले. याचा अर्थ असा की, मिलानच्या अध्यापकांपाशी जे होते ते राखावयाचे होते. आपल्याला अनेक विद्याशाखांत ते मुळात मिळवावयाचे आहे. अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने परवानगी दिली ती २०२१ मध्ये.

४

२०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी शिक्षणसंस्थांना भारतात शाखा काढण्याची मुभा देणारे विनियम जारी केले. २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन यांसारख्या विद्यापीठांना मुंबई परिसरातील शाखांसाठी इरादापत्रे देण्यात आली. ही विद्यापीठे येणे अनिष्ट आहे, असा या लेखाचा निष्कर्ष नाही. प्रश्न आहे तो आंतरराष्ट्रीयतेचे माप आपण कशाने घेतो हा. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शोधनिबंध-वाचनाचे गुण पाहावेत: परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ७, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ५, राष्ट्रीय परिषदेसाठी ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीसाठी २. मालवणी बोलीवरील निबंध जेथे सर्वांत चोखंदळ श्रोते भेटतील त्या सिंधुदुर्गात वाचला तर त्याचे मोल सर्वांत कमी! येथे मापन ज्ञानाचे झाले नाही, अंतराचे झाले.

याला पर्याय म्हणून एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. कोणत्याही शैक्षणिक देवघेवीतून स्थानिक ज्ञानभाषेत काय जमा झाले, हे पाहावे. परभाषेत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे मराठी रूप सिद्ध झाले काय? परदेशी सिद्धान्त शिकविताना घडविलेली परिभाषा पुढच्या अभ्यासकाला उपलब्ध झाली काय? मराठी विभागांची जबाबदारी यात विशेष आहे; कारण मराठी ही विषय आणि माध्यम अशा दोन्ही नात्यांनी निरपवादपणे नांदते ती याच विभागांत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तो दर्जा भाषेच्या भूतकाळाविषयी आहे. तिचे भविष्य मात्र पदव्युत्तर वर्गात कोणत्या भाषेतून प्रश्न विचारले जातात, यावर ठरेल.