उधारीची यादी आणि एक कंस

व्यापारी बंधूंनो, उधारीची खाती संगणकावर चढवली म्हणजे काम संपले असे नाही. त्याला विचारायचे कसे, हेही शिकावे लागते.

आमच्या कापडाची गिऱ्हाइके नांदेड व लातूर दोन्हीकडची. ५,००० रुपयांवर बाकी असणाऱ्यांना ईदपूर्वी पत्रे धाडायची होती. मी म्हणालो, "नांदेड आणि लातूरची यादी काढ." मुलाने तसेच लिहिले: शहर नांदेड अँड शहर लातूर. एकही नाव येईना! यंत्र एकेक नोंद तपासते. 'अँड'ला दोन्ही अटी त्याच नोंदीत खऱ्या लागतात, आणि एका खात्यात शहर एकच. तेथे 'ऑर' हवा, आपल्या उर्दूतला 'या'.

मग लिहिले: शहर लातूर ऑर शहर नांदेड अँड बाकी ५,००० हून जास्त. भरघोस यादी आली, पत्रे गेली. पुढच्या खरेदीला गंजगोलाईचे एक जुने गिऱ्हाईक आले. त्यांची पै न् पै चुकती होती. पत्र त्यांनी मुकाट्याने गल्ल्यावर ठेवले. माझी मान वर होईना.

जुने फॉक्सप्रो असो वा आजचे एसक्यूएल, 'अँड' आधी सुटतो, 'ऑर' मागून. जसा बेरजेआधी गुणाकार. त्यामुळे रकमेची अट नांदेडलाच लागली, लातूरचे झाडून सगळे आले. शहरे कंसात हवी होती: (शहर लातूर ऑर शहर नांदेड) अँड बाकी ५,००० हून जास्त. वादातली खाती वगळायला 'अँड नॉट' जोडावे. या गणिताचा पाया इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांनी १८५४ च्या ग्रंथात विस्ताराने मांडला.

आता पत्रे टाकण्याआधी दहा नावे खातेवहीशी ताडतो. बाकी शून्य असलेले एक जरी निघाले, तरी आधी कंस पाहतो.