रोजची गोळी आणि जिभेखालची गोळी

पेंचचा कालवा आपल्या पारशिवनी तालुक्यात सर्वांच्या ओळखीचा आहे. नवेगाव खैरीच्या धरणातून पाणी सुटते आणि पाटापाटाने शेतात येते. पाटात गाळ साचला म्हणजे काय होते? एरवी थोड्या पाण्यावर भागते. पण रोवणीच्या दिवसांत सगळ्यांनाच पाणी हवे असते. तेव्हा शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नाही.

आपल्या हृदयाचेही असेच आहे. हृदय मुठीएवढे असते. ते साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते बारीक नळ्यांतून येते. या नळ्या आतून अरुंद झाल्या तरी बसल्या जागी काही कळत नाही. पण चढ चढताना, ओझे उचलताना किंवा संताप आला असता हृदयाला जास्त रक्त लागते. ते मिळत नाही. मग छाती आवळल्यासारखी होते. कळ हातात, मानेत, जबड्यात जाते. थोडे थांबले की बरे वाटते. या दुखण्याला डॉक्टर अंजायना म्हणतात.

पुष्कळ जण याला गॅस समजून सोडून देतात. तसे करू नये. पारशिवनीला ग्रामीण रुग्णालय आहे. नागपूरला मेडिकल आहे. तेथे जाऊन तपासून घ्यावे. कोणते औषध घ्यावे, हे डॉक्टरच सांगतील. ते कसे घ्यावे, एवढेच आम्ही येथे सांगतो.

गोळ्या दोन तऱ्हेच्या

एक असते रोजची गोळी. दुखणे येऊच नये म्हणून ती घेतात. आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट हे अशा एका औषधाचे नाव. ही गोळी ठरल्या वेळी पाण्याबरोबर गिळतात. तिचा गुण हळूहळू येतो.

दुसरी असते जिभेखालची गोळी. कळ आली की ती जिभेखाली ठेवतात. ती तेथेच विरघळून लवकर रक्तात जाते.

या दोहोंची अदलाबदल झाली तर जिवावर बेतते. कळ आल्यावर रोजची गोळी गिळली, तर ती वेळेवर कामी येत नाही. आणखी एक गोष्ट पाहा. सॉर्बिट्रेट हे नाव अनेकांनी ऐकले आहे. पण एकाच नावाची गोळी कोणाला रोज गिळायला दिलेली असते, तर कोणाला जिभेखाली ठेवायला. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. चिठ्ठीवर जा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका आणि आपली त्याला देऊ नका.

दुखत नाही, मग गोळी कशाला?

समजा, एका घरी सासऱ्याला रोजची गोळी चालू आहे. महिनाभर कळ आली नाही. मग तो म्हणतो, "आता मले काही दुखत नाही. गोळी कायले घ्यायची? पैसे वाया जातात."

सून शहाणी आहे. ती म्हणते, "मामाजी, गोळी घेता म्हणूनच तं दुखत नाही."

सुनेचे म्हणणे खरे आहे. या गोळीने नळ्यांतला गाळ निघत नाही. गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार हलका होतो. गोळी थांबली की भार पुन्हा पडतो.

सुरुंगाची गोष्ट

विहिरीत खडक लागला की सुरुंग लावतात. या औषधाची गोष्ट सुरुंगापासूनच सुरू होते. १८४७ साली इटलीत सोब्रेरो नावाच्या शास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक तयार केले. ते थोडेसे जिभेला लावले, तर डोके फार दुखे. १८६७ साली आल्फ्रेड नोबेल याने त्यापासूनच डायनामाइट केले. पुढे १८७९ साली लंडनच्या मरेल नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले, की हेच द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात दिले तर अंजायनाची कळ थांबते. आजच्या या गोळ्या त्याच कुळातल्या आहेत. भिऊ नका, गोळीचा स्फोट होत नाही.

डायनामाइटच्या कारखान्यांतल्या मजुरांचे काय होई? सोमवारी कामावर गेले की डोके दुखे. दोन-चार दिवसांत शरीराला सवय होई आणि दुखणे थांबे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. इतकेच नव्हे. काही मजुरांच्या छातीत कळ येई, आणि तीही सुट्टीत. रोज अंगात जाणारे द्रव्य एकदम बंद झाल्यामुळे असे होई. काही तर त्यात दगावले.

यातून आपण तीन गोष्टी शिकतो.

पहिली गोष्ट. गोळी सुरू केल्यावर आरंभी डोके दुखू शकते. बहुधा ते थोड्या दिवसांत कमी होते. फार दुखले तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळी सोडू नका.

दुसरी गोष्ट. शरीराला सवय झाली की गोळीचा गुण कमी होतो. म्हणून दिवसातून काही तास गोळीविना जाऊ देतात. एखाद्याला डॉक्टर सकाळी ८ वाजता आणि दुपारी ३ वाजता गोळी सांगतात. "दोनदा म्हणजे सकाळ-संध्याकाळ" असे आपणच ठरवू नका. ज्याला रात्री कळ येते, त्याची वेळ निराळी असू शकते.

तिसरी गोष्ट. गोळी एकदम बंद करू नका. चार दिवसांच्या उरल्या की नव्या आणा. एखादी राहून गेली, तर पुढच्या वेळी दोन मिळून घेऊ नका.

हेही ध्यानात ठेवा

हळूहळू विरघळणारी गोळी चावू नये, कुटू नये. अर्धी करायची असेल तर आधी विचारावे.

या गोळीने रक्तदाब उतरतो. बाजेवरून एकदम उठू नका. आधी बसा, मग उभे राहा. उन्हाळ्यात अधिक जपा. दारूने घेरी वाढते. मोहाची असो की दुकानातली, ती टाळा.

पुरुषांनी एक गोष्ट लाज न धरता ऐकावी. ताकद वाढवण्याच्या म्हणून सिल्डेनाफिल, टाडालाफिल अशा गोळ्या मिळतात. त्या या औषधाबरोबर कधीही घेऊ नयेत. रक्तदाब एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

कळ आली तर

हातचे काम तेथेच सोडा. खाली बसा. डॉक्टरांनी दिलेली एक गोळी जिभेखाली ठेवा. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत कळ गेली नाही किंवा वाढत गेली, तर १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. घाम सुटला, दम लागला, तर पाच मिनिटेही थांबू नका.

आता लेखणी घ्या

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. ही विद्या घरच्या माणसाचा जीव राखील. औषधाची दोन पाकिटे दोन डब्यांत ठेवा. प्रत्येकावर कागद चिकटवा. चिठ्ठी पाहून एकावर मोठ्या अक्षरांत लिहा: "रोजची. गिळायची. वेळ –". दुसऱ्यावर लिहा: "जिभेखाली. कळ आल्यावर." त्याखाली लिहा: "१०८".

मुदत संपण्याचा महिना व साल पाकिटावर छापलेले असते. ते वाचा. तो भाग कापून टाकू नका. जिभेखालची गोळी ऊन व ओल यांपासून जपा. शेतावर जाताना ती जवळ ठेवा, आणि कोठे ठेवली ते सोबत्याला सांगून ठेवा.