कसब्यातील डॉक्टर एकटा पडू नये म्हणून

विमानतळाच्या बाजूने इंदूर सोडले की थोड्याच अंतरावर हातोद लागते. नगर परिषद आणि तहसील असलेले, भोवताली गहू, सोयाबीन व बटाट्याची शेती असलेले माळव्यातील हे एक कसब्याचे गाव. अशा गावात मूल आजारी पडले की आईवडील प्रथम गाठतात तो बाजारातील दोन खोल्यांच्या दवाखान्यात बसणारा जनरल प्रॅक्टिशनर. बालरोगतज्ज्ञ या नात्याने गेली वीसहून अधिक वर्षे मी या भागातील डॉक्टरांनी पाठविलेली मुले तपासत आलो आहे. मुलाच्या जीविताचा निर्णय पुष्कळदा आमच्या अतिदक्षता विभागाच्या कितीतरी आधी, त्या पहिल्या दवाखान्यातच लागलेला असतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. म्हणून त्या पहिल्या डॉक्टरला बळ कसे द्यावे, याचा विचार आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडीत आहे.

पूर्वपीठिका

इंदूरला १८७८ साली वैद्यकीय शाळा स्थापन झाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने ओळखली गेली. तेथे तयार झालेले लायसेन्शिएट डॉक्टर हे या प्रांतातील लहान गावांचे आधारस्तंभ होते. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात अशा दुय्यम अभ्यासक्रमाऐवजी सर्वत्र एकच एम.बी.बी.एस. पदवी असावी, अशी शिफारस केली. १९४८ साली आपल्या शहरात महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शिक्षणाचा दर्जा वाढला, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु पदवीधर डॉक्टर शहरात राहिला, नंतर तो विशेषज्ञ झाला, आणि कसब्यातील खुर्ची हळूहळू रिकामी होत गेली. आज त्या खुर्चीवर बहुतेक ठिकाणी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर बसलेले आढळतात, क्वचित एखादे वयोवृद्ध एम.बी.बी.एस. असतात.

कोणत्याही पदवीचा असो, हा डॉक्टर एकटा असतो. त्याच्याकडे सहकारी नसतो, परिचारिका नसते, रात्री विचारावे असा वरिष्ठ नसतो. पदवी घेतल्यानंतर नवे ज्ञान त्याच्यापर्यंत मुख्यतः औषध कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत पोहोचते. त्याने पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे त्याला कित्येकदा नातेवाइकांच्या तोंडूनच कळते.

सध्याची बांधणी

स्थानिक डॉक्टर संघटित नाहीत, असे आपण नेहमी म्हणतो. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. ते बांधले गेले आहेत, मात्र चुकीच्या धाग्याने. तो धागा म्हणजे कट प्रॅक्टिस. रुग्ण पाठवावा आणि वाटा घ्यावा, ही रीत वैद्यकीय नीतिनियमांनी निषिद्ध ठरविलेली आहे. २००२च्या नियमावलीत तसे स्पष्ट कलम आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार केला होता. तरीही ती टिकून आहे, कारण कसब्यातील डॉक्टर आणि शहरातील विशेषज्ञ यांच्यामध्ये दुसरे कोणतेही नियमित नाते आपण निर्माण केलेले नाही. केवळ निषेधाने ही रीत जाणार नाही. तिच्या जागी अधिक उपयोगी असे काही द्यावे लागेल.

हे किती निकडीचे आहे, ते २०२५ साली आपल्याच राज्याने अनुभवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात खोकल्याच्या औषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपूरला उपचार चालू होते. विषारी औषध बाजारात येऊ देणे हा उत्पादन आणि तपासणी या व्यवस्थांचा दोष होय. त्याचे खापर कसब्यातील दवाखान्यांवर फोडून चालणार नाही. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न उरतो. साध्या सर्दीतापानंतर मुलाची लघवी बंद झाली, असा एक रुग्ण एका दवाखान्यात, दुसरा दुसऱ्या दवाखान्यात आणि तिसरा थेट नागपुरात दिसला, तर ही तीन टोके जोडणार कोण? क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३मध्येच निघाला होता. आदेश दिल्लीत निघतो. तो बाजारातील दवाखान्यापर्यंत पोहोचवून समजावून सांगणारी वाट आपल्याकडे नाही.

अनुकरणीय प्रयोग

अशा वाटा इतरत्र निर्माण करण्यात आल्या आहेत. त्यांपैकी काही प्रयोग विचारात घेण्याजोगे आहेत.

मुंबईत २०१४ साली क्षयरोगासाठी खासगी डॉक्टरांना जोडून घेणारी योजना सुरू झाली. वस्तीतील डॉक्टरांना, त्यांत आयुष पदवीधरही होते, रुग्ण सरकारी केंद्रात पाठवून मोकळे व्हा, असे सांगण्यात आले नाही. संशयित रुग्णाच्या तपासणीसाठी त्यांना व्हाउचर मिळाले, रुग्णाला खासगी औषधविक्रेत्याकडे विनामूल्य औषधे मिळाली आणि रुग्ण गोळ्या नियमित घेतो की नाही, याचा पाठपुरावा दूरध्वनी केंद्राने केला. रुग्ण डॉक्टरकडेच राहिला. त्याच्या पाठीशी व्यवस्था उभी राहिली.

दुसरे उदाहरण धारावीचे. १ एप्रिल २०२० रोजी तेथे कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. त्या काळात पुष्कळसे खासगी दवाखाने भीतीपोटी बंद होते. महापालिकेने स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेची मदत घेतली. संरक्षक पोशाख, तापमापक आणि ऑक्सिमीटर पालिकेने पुरविले आणि सुमारे २४ खासगी डॉक्टर दारोदार गेले. त्यांनी सुमारे ४७,५०० रहिवाशांची तपासणी केली. लोकांनी दारे उघडली, कारण समोर त्यांचा ओळखीचा डॉक्टर उभा होता. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला.

तिसरा प्रयोग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा. २००६ सालापासून तेथे चालू डॉक्टरांसाठी कौटुंबिक वैद्यकाचा दूरशिक्षण पदविका अभ्यासक्रम चालतो. डॉक्टरने दवाखाना बंद न करता शिकावे, अशी ही रचना आहे. कमी रुग्ण पुढे पाठवा, अधिक रुग्ण स्वतः बरे करा, हे तिचे ब्रीद.

चौथा प्रयोग मूळ भारतीय असलेल्या डॉ. संजीव अरोरा यांचा. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ते यकृततज्ज्ञ होते. हिपॅटायटिस सी या रोगाच्या रुग्णांना त्यांच्याकडे येण्यासाठी कित्येक महिने प्रतीक्षा करावी लागे. २००३ साली त्यांनी रुग्णांना बोलावण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला दूरदृश्य माध्यमातून एकत्र बसविले आणि त्यांच्याच रुग्णांची चर्चा सुरू केली. या पद्धतीला 'एको' असे म्हणतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या रुग्णालयातील ५७.५ टक्के, तर गावातील आणि तुरुंगांतील केंद्रांवरचे ५८.२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे दिसले. सातत्याने साथ मिळाली तर सामान्य डॉक्टर विशेषज्ञाच्या तोडीचा उपचार करू शकतो, याचा हा निर्णायक पुरावा होय.

ज्ञान केवळ शहराकडून गावाकडेच वाहते, असाही समज नको. रायगड जिल्ह्यातील महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग १९८६ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे ठेवला. कोकणातील कितीतरी मुलांचे प्राण त्या गोळीने वाचले. ते निरीक्षण महाविद्यालयात बसून होणारे नव्हते.

हातोदसाठी एक रूपरेषा

या प्रयोगांचा मथितार्थ लक्षात घेऊन हातोद आणि आसपासच्या गावांसाठी पुढील रचना सुचवावीशी वाटते.

१. दहा-बारा दवाखान्यांचा एक गट असावा. प्रत्येक दवाखाना स्वतंत्र राहील. मात्र पाठपुराव्यासाठी एक प्रशिक्षित परिचारिका गटाने मिळून नेमावी. इंग्लंडमध्ये १९६६च्या करारानंतर दवाखान्यातील कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा ७० टक्के भार शासनाने उचलला आणि तेथील एकांड्या डॉक्टरांच्या व्यवसायाचे रूप पालटले. आपल्याकडे शासन ते करीपर्यंत वर्गणीतून आरंभ करता येईल.

२. आपल्या संस्थेतील विशेषज्ञांनी पाळीपाळीने दूरध्वनीवर उपलब्ध राहावे. मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका नोंदणीकृत डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेण्यास मुभा आहे. अंतिम जबाबदारी प्रत्यक्ष उपचार करणाऱ्याची राहते.

३. पाठविलेल्या प्रत्येक रुग्णामागे उलट टपाली चिठ्ठी जावी. निदान काय झाले, काय केले, आता गावात काय पाहावे, एवढ्या तीन ओळी पुरेत. शिक्षणाचे याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही.

४. महिन्यातून एक बैठक हातोदलाच व्हावी, कोणत्याही कंपनीच्या खर्चाने नव्हे. तीत डॉक्टरांचेच रुग्ण चर्चेला असावेत. पहिल्या बैठकीचा पाठ मी आजच सुचवतो : खोकणाऱ्या मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल किंवा सुस्त असेल, तर विलंब न करता पाठवा. दोन महिन्यांखालील बाळात जलद श्वसन एवढे एकच लक्षणही पाठविण्यास पुरेसे आहे. जुलाबात ओआरएस आणि १४ दिवस जस्त : सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. या दोन सवयी जरी सार्वत्रिक झाल्या, तरी अनावश्यक प्रतिजैविके आणि सलाइन किती कमी होतील, याची कल्पना करावी.

५. एकाच प्रकारचा, उलगडा न होणारा आजार गटात दोन-तीन मुलांत दिसला, तर त्याच दिवशी जिल्हा रोग सर्वेक्षण कक्षाला कळवावे. परासियाची आठवण ठेवून हे कलम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो.

६. या साखळीतील कोणीही कमिशन देणार नाही आणि घेणार नाही, हे लेखी असावे.

काही शंका

आयुष पदवीधरांना सामील करणे म्हणजे मिश्र व्यवसायाला मान्यता देणे, असा आक्षेप येईल. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देण्याबद्दल कठोर निर्णय दिला आहे, आणि कायद्याची मर्यादा पाळलीच पाहिजे. परंतु धोक्याची लक्षणे ओळखणे, ओआरएस देणे, वेळेत पाठविणे आणि साथीची सूचना देणे यांना पॅथीची आडकाठी नाही. दुसरी शंका वेळेची. आठवड्यातून एक तास दूरध्वनीवर दिला, तर अत्यवस्थ होऊन मध्यरात्री येणाऱ्या काही मुलांमागचे कित्येक तास वाचतील, असा माझा हिशेब आहे. तिसरी शंका उत्पन्नाची. कमिशन बंद झाले तर स्थानिक डॉक्टरने जगावे कसे? याचे उत्तर अंशतः रुग्णांच्या हाती आहे.

म्हणून समाजातील डॉक्टरेतर वाचकांनाही दोन शब्द. आपण सुई आणि बाटलीचे पैसे आनंदाने देतो, सल्ल्याचे देताना मात्र हात आखडतो. मुलाला नीट तपासून, "औषधाची गरज नाही, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा," असे सांगणाऱ्या डॉक्टरला त्याची फी सन्मानाने द्यावी. मूल लहान असताना खोकल्याच्या औषधाचा आग्रह धरू नये. आपला फॅमिली डॉक्टर ठरवावा आणि प्रत्येक तापासाठी नवा दवाखाना शोधू नये. डॉक्टर रुग्णाला ओळखत असेल, तरच त्याला बदल लवकर दिसतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात कौटुंबिक वैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला उत्तेजन देण्याची तरतूद आहे. तिची फळे हातोदच्या बाजारात दिसावयास अवधी लागेल. तोवर आपल्या संस्थेला जे करता येण्याजोगे आहे, ते फार खर्चाचे नाही : विशेषज्ञांची एक यादी, दूरध्वनीचा एक क्रमांक, तीन ओळींची चिठ्ठी आणि महिन्यातून एक सायंकाळ. आगामी वार्षिक सभेत हा ठराव चर्चेस यावा आणि यादीतील पहिल्या आठवड्याची पाळी माझ्याकडे द्यावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.