तिळगुळाचा पाक: गुळाची निवड, वितळवण आणि शेतातील कारणे

मकर संक्रांतीला जबलपूरजवळच्या तिलवारा घाटावर नर्मदास्नानासाठी मोठी गर्दी होते व मेळा भरतो. शहरातील मराठी कुटुंबांत त्याच सुमारास तिळगुळाच्या वड्या, लाडू आणि चिक्की तयार होत असते. साहित्य मोजकेच असले तरी एका घरची वडी खुटखुटीत होते, दुसऱ्या घरची चिकट राहते, तर कधी ती कडवट लागते. दोष बहुधा करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात त्याची कारणे पुष्कळदा उसाच्या फडात आणि तिळाच्या खळ्यावर सापडतात.

या विषयाशी जबलपूरचा संबंध जवळचा आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या आवारातून तीळ व कारळा या पिकांच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे समन्वयन अनेक वर्षे झाले. शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा गूळ सर्वत्र परिचित आहे.

पाक का जमतो?

गुळात मुख्यतः सुक्रोज ही साखर असते. तिच्यासोबत ग्लुकोज व फ्रुक्टोज या साध्या शर्करा, क्षार आणि थोडा ओलावा असतो. सुक्रोज भरपूर असेल तर पाक थंड झाल्यावर नीट घट्ट होतो. साध्या शर्करा वाढल्या की त्या हवेतील ओलावा ओढून घेतात. असा गूळ पाझरतो आणि त्याची वडी चिकट राहते. आम्लता, उष्णता व वेळ यांच्या योगाने सुक्रोजचे विघटन होऊन या शर्करा तयार होतात. हे विघटन कढईत होते, तसेच तोडलेल्या व किडलेल्या उसातही होते.

उसावरील किडी आणि गूळ

पायरिला म्हणजेच पाकोळी ही कीड पानांतील रस शोषते. तिने टाकलेल्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि पानांचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. परिणामी रसातील सुक्रोज घटते व गूळ नीट घट्ट होत नाही. कांडी किडीची अळी कांड्या पोखरते आणि त्या छिद्रांतून रोगजंतूंना वाट मिळते. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला तरीही रसाची प्रत उतरते. म्हणून तोडणीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत गाळप करावे.

पाकोळीवर एपिरिकॅनिया मेलॅनोल्युका हा परजीवी पतंग नैसर्गिकरीत्या उपजीविका करतो. त्याचे कोष पानांवर दिसत असल्यास कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अन्यथा किडीसोबत तिचा शत्रूही मरतो.

गूळ कसा निवडावा?

• फिकट पिवळ्या रंगाला भुलू नये. असा रंग आणण्यासाठी काही ठिकाणी सोडियम हायड्रोसल्फाइट वापरले जाते व त्यामुळे गुळात गंधकाचे अंश राहतात. भेंडीच्या चिकट रसाने मळी काढलेला गूळ बहुधा तपकिरी असतो. ग्राहक केवळ पिवळा गूळ मागत राहिल्यास असा गूळ करणाऱ्या शेतकऱ्याला योग्य भाव मिळत नाही.
• ढेप कोरडी व टणक असावी आणि फोडल्यावर आत स्फटिकांचा रवा दिसावा. ओलसर, पाझरणारा गूळ पाकासाठी घेऊ नये.
• थोडा गूळ पाण्यात विरघळवून पाहावा. तळाशी गाळ बसल्यास गूळ गाळूनच वापरावा.
• मऊ वडीसाठी साधा गूळ, तर कडक लाडू व चिक्कीसाठी चिक्कीचा गूळ घ्यावा.

तिळाची परीक्षा

खळ्यावर किंवा साठवणीत ढेकूणवर्गीय कीड तिळातील तेल शोषते. असे दाणे सुरकुततात. त्यांतील मुक्त मेदाम्ले वाढून चव खवट होते. तिळात वजनाच्या सुमारे निम्मे तेल असल्याने हा दोष लवकर जाणवतो. पिठातील तांबड्या भुंगेऱ्यांच्या स्रावामुळे धान्याला उग्र वास येतो, तर तांदळावरील पतंगाच्या अळ्या जाळी विणून दाण्यांचे पुंजके करतात. यांपैकी एकही खूण दिसली तर ते तीळ वापरू नयेत. भाजल्याने खवटपणा जात नाही. चांगले तीळ उन्हात वाळवून, थंड झाल्यावर हवाबंद डब्यात भरावेत.

पाक करण्याची रीत

१. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून बाजूला काढावेत. भाजलेले तीळ व दाण्याचे कूट मिळून जेवढे वजन होईल, साधारण तेवढाच गूळ घ्यावा.
२. गूळ बारीक चिरावा. मोठे खडे विरघळेपर्यंत कडेचा पाक करपू लागतो.
३. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप व अगदी थोडे पाणी घालून गूळ मंद आचेवर वितळवावा. पाणी जास्त झाले तर ते आटेपर्यंत पाक अधिक वेळ उकळतो आणि तेवढे सुक्रोजचे विघटन वाढते.
४. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. बोटांनी मऊ गोळी वळली की तो वडीचा पाक झाला. तापमापकावर हे तापमान सुमारे ११५ ते १२० अंश सेल्सिअस असते. थेंब कडक होऊन कट्कन तुटला तर पाक चिक्कीयोग्य समजावा. त्यासाठी सुमारे १४० ते १४५ अंश लागतात. त्यापुढे गूळ लवकर करपतो.
५. आच बंद करून तीळ, कूट व वेलदोड्याची पूड मिसळावी. मिश्रण तूप लावलेल्या ताटात लगेच थापावे आणि कोमट असतानाच वड्या कापाव्यात.
६. वड्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात. कोमट वड्यांची वाफ डब्यात साठून त्या चिकट होतात.

शेतकरी गटांसाठी

संक्रांतीपूर्वी वड्या विकणाऱ्या बचत गटांनी प्रत्येक ढेपेचा थोडा गूळ घेऊन आधी पाक करून पाहावा. पाक जमला नाही तर तो गूळ चहा किंवा पुरणासाठी ठेवावा व ढेप कोणत्या गुऱ्हाळातून आली याची नोंद करावी. उत्तम पाकाचा गूळ देणाऱ्या गुऱ्हाळाला पुढील हंगामाची मागणी आधीच नोंदवली, तर निरोगी ऊस वेळेवर गाळणाऱ्या शेतकऱ्याच्या श्रमाला मोल मिळेल.