दुरुस्त केलेला दात तारेने सरकेल का?

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तार बसवलेली मुले तुमच्या वर्गात असतील. पण कुणाच्या दातात चांदी भरलेली असते, तर चेंडू लागून तुटलेल्या दातावर कुणी टोपी बसवून घेतलेली असते. आपल्याला आता तार बसणार नाही, असे समजून ही मुले गप्प बसतात. हे खरे आहे का? त्यासाठी दोन प्रश्न वेगवेगळे विचारू. दात हाडात सरकेल का? आणि तारेचा आधार दाताला चिकटेल का?

पहिला प्रश्न मुळाचा आहे. दाताचे मूळ हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे जिवंत तंतूंचे अस्तर असते. दातावर सौम्य व सतत बल लावले, की दाबल्या जाणाऱ्या बाजूचे हाड पेशी झिजवतात आणि ताणल्या जाणाऱ्या बाजूला नवे हाड घडवतात. अशा रीतीने दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. बल किती लागते? साधारण ५० ते १०० ग्रॅम वजनाइतके. डहाणूचा एखादा चिकू तळहातावर घ्या, म्हणजे अंदाज येईल. बल फार वाढवले, तर अस्तराचा रक्तपुरवठा दबतो आणि दात उलट अडून राहतो.

हे बल तारेच्या लवचीकतेतून मिळते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादी तार ओढणारे कारखाने आहेत. पोलादी तार थोडी वाकवली तरी तिचे बल झपाट्याने वाढते आणि दात जरा सरकताच तेवढ्याच झपाट्याने उतरते. निकेल-टायटेनियमची तार मात्र बरीच वाकवली तरी जवळपास सारखेच बल देते. म्हणून सुरुवातीला बहुधा हीच तार वापरतात.

आता दुरुस्त दातांकडे वळू. रूट कॅनाल केलेल्या दातातील मज्जा काढलेली असते. पण बाहेरचे अस्तर जिवंत असते. म्हणून असा दात सरकतो. चांदी भरलेला दातही सरकतो. पुलाने जोडलेले दात मात्र सुटे सरकत नाहीत. हाडात बसवलेला टायटेनियमचा कृत्रिम दात तर मुळीच हलत नाही, कारण त्याच्याभोवती अस्तर नसते. हाड थेट धातूला धरते. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये असा आधार प्रथम माणसाच्या जबड्यात बसवला. जोराचा मार लागलेला दातही कधी कधी हाडाशी एकजीव होतो आणि मग तो सरकत नाही.

दुसरा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. दाताच्या कवचावर सौम्य आम्ल लावले, की ते सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होते आणि डिंकासारखे द्रव्य त्यात घट्ट रुतते. ही युक्ती ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. दाढेच्या चावण्याच्या बाजूला भरलेली चांदी तिच्या आड येत नाही. चिनी मातीची टोपी मात्र गुळगुळीत असते. तिच्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते, किंवा दाताभोवती धातूचा पट्टा बसवतात.

तेव्हा दाताची दुरुस्ती झाली म्हणून तार अशक्य ठरत नाही. मात्र तार बसवण्यापूर्वी दंतवैद्यांना जुने उपचार आणि लागलेला मार, दोन्ही न लपवता सांगा. क्ष-किरण चित्रात मूळ दिसेल; पण पाच वर्षांपूर्वी चेंडू लागला होता, हे तुम्हीच सांगायला हवे. कीड असेल तर ती आधी काढून घ्या, कारण तारेभोवती अन्न अडकते आणि कीड वाढते.

आता विचार करा : न हलणारा कृत्रिम दात आणि शेजारचा नैसर्गिक दात यांच्यामध्ये स्प्रिंग ताणून बांधली. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दोघांवर सारखेच बल येईल. मग सरकेल कोणता, आणि का?