पदवीनंतरचे १८ महिने

मुखेडच्या बाजारात हल्ली दुकानावर बसले की कापडाच्या भावाइतकीच चौकशी परदेशी शिक्षणाची होते. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्र तंत्रज्ञानाचा विभाग आहे. तेथून किंवा इचलकरंजीच्या डीकेटीईतून पदवी घेतलेला मुलगा पुढील शिक्षणासाठी जर्मनीचे नाव काढतो आणि बाप विचारतो, "खर्च किती?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. शिक्षण संपल्यावर तेथे राहून कमावण्याचा परवाना कसा मिळतो, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

व्यापारी बंधूंनी प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की विद्यार्थ्याचा परवाना आणि नोकरीचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला संपला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. या दोहोंच्या मध्ये जर्मन कायद्याने तिसरा कागद ठेवला आहे, नोकरी शोधण्याचा. त्याची मुदत जास्तीत जास्त १८ महिने. ती अंतिम निकाल हाती आल्यापासून मोजतात आणि वाढवून मिळत नाही. हुंडीची तारीख जशी कोणासाठी थांबत नाही, तसेच हे.

आता घरची हकीकत. माझ्या आपाचा थोरला मुलगा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात शिकायला गेला. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला, म्हणून हे नाव आपल्याकडे ऐकू येते; पण त्या कराराने विद्यार्थ्याचा परवाना बदलत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, या राज्यात मात्र २०१७ पासून परदेशी विद्यार्थ्याला सहामाहीला १५०० युरो पडतात. शिवाय वर्षाच्या खाण्या-राहण्याचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात भरावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. म्हणजे अकरा-बारा लाख रुपये घरातून निघण्यापूर्वीच. भाऊजींनी प्लॉट विकला, बाकी बँकेचे कर्ज काढले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावरील व्याज भरणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली, त्यामुळे व्याजही अंगावर. एजंटने सांगितले होते, डिग्री झाली की नोकरी ठेवलेलीच आहे. त्याचे आणि त्याच्या शहराचे नाव घेत नाही.

निकाल लागला. मुलाने १८ महिन्यांचा कागद वेळेवर केला. या काळात कोणतेही काम करता येते, म्हणून तो पार्सलच्या गोदामात रात्रपाळीला लागला. पैसा चांगला होता. फोनवर म्हणायचा, "मामू, आता हप्ता चुकत नाही." आपा खूश, आणि मीही शाबासकी दिली. ती देताना मी विचारायला हवे होते की बेटा, या गोदामाच्या पगारावर पुढचा परवाना मिळणार आहे का? मिळणार नव्हता. पुढच्या परवान्याला शिक्षणाची गरज असलेली नोकरी लागते; पोती उचलण्याचे काम त्यात धरत नाहीत. वर्षभराने त्याने अर्ज करायला सुरुवात केली, तेव्हा कापड तपासणीच्या प्रयोगशाळांनी जर्मन भाषा विचारली. त्याचा सगळा अभ्यासक्रम इंग्रजीत झालेला. मुदत संपली, मुलगा गेल्या वर्षी परत आला. हप्ते चालूच आहेत.

नोकरीचा करार हाती असता तर रस्ता फार अवघड नव्हता. २०२३ च्या दुरुस्तीनंतर नोकरी पदवीच्याच विषयातली असावी असेही बंधन राहिलेले नाही. तीन वर्षांच्या आत पदवी घेतलेल्याला २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो पगार असेल तर 'ब्ल्यू कार्ड' मिळू शकत होते. ही रक्कम दरवर्षी बदलते, तेव्हा चालू वर्षाचीच पाहावी. पगार त्याहून कमी असला तरी कुशल कामगाराचा साधा परवाना आहे, मात्र तेथील माणसाला मिळतो त्यापेक्षा कमी पगारावर तो देत नाहीत. जर्मन विद्यापीठाचा पदवीधर अशा नोकरीत दोन वर्षे राहिला, २४ महिने पेन्शनची वर्गणी भरली आणि बी-१ पातळीची जर्मन भाषा त्याला आली, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

याचा अर्थ तयारी निकालानंतर नव्हे, पहिल्या सहामाहीतच सुरू झाली पाहिजे. शिकताना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते. ते गोदामात घालवण्यापेक्षा थोडे कमी पैसे घेऊन आपल्या धंद्याच्या कारखान्यात घालवावेत. शेवटचा प्रबंध एखाद्या कंपनीत राहून करता आला तर उत्तमच, कारण तेथला साहेब माणसाचे काम डोळ्याने पाहतो. आणखी एक खर्च कोणी सांगत नाही: शिक्षण संपले की आरोग्य विम्याचा विद्यार्थी दरही संपतो आणि हप्ता वाढतो.

इतर देशांतही मुदतीचाच खेळ आहे. इंग्लंडने पदवीनंतर कामाची सवलत २०१२ मध्ये बंद केली आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू केली. मध्ये गेलेल्या मुलांचे हिशेब बिघडले. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४. पण त्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, वाढीव मुदत मिळाल्यास १५०.

भाचा सध्या सकाळी दुकानात बसतो आणि संध्याकाळी जर्मन शिकतो. पदवी वाया गेलेली नाही. नोकरीचा करार आला तर येथूनही व्हिसाचा अर्ज करता येतो. त्याच्या धाकट्या भावालाही जर्मनीलाच जायचे आहे. भाऊजींनी कर्जाचा फॉर्म आणून ठेवला आहे. मी तो माझ्या गल्ल्यात ठेवला असून, पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात धाकटा बी-१ ची परीक्षा पास होईपर्यंत तो तेथेच राहील, असे दोघांना सांगितले आहे. आपा माझ्यावर जरा नाराज आहे.